नाकारलेल्या फुप्फुसांचा हिशेब

२०२५ च्या जानेवारीत जबलपूरच्या रस्त्यांवर काही काळ वाहतूक रोखून धरण्यात आली. नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मेंदूमृत घोषित झालेल्या एका दात्याचे हृदय भोपाळच्या एम्सकडे आणि यकृत इंदूरकडे निघाले होते. महाकोशलातल्या एका सरकारी रुग्णालयातून निघालेले हृदय दुसऱ्या शहरात, दुसऱ्या छातीत धडधडू लागावे, ही कोणत्याही समाजाने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे. तिचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते.

अशा बातम्यांत एक अवयव मात्र बहुधा नसतो. हृदयाचा प्रवास वाचायला मिळतो, यकृत आणि मूत्रपिंडांचा मिळतो, फुप्फुसांचा क्वचितच. त्या विशिष्ट दात्याच्या बाबतीत वैद्यकीय निर्णय काय झाला, हा येथे चर्चेचा विषय नाही. प्रश्न देशाचा आहे. २०२३ या वर्षी भारतात मृत्यूपश्चात अवयवदान करणाऱ्यांची संख्या ११०० च्या घरात होती. फुप्फुस प्रत्यारोपणे झाली ती २०० च्या आसपास. ढोबळ मानाने, पाच दात्यांपैकी चौघांची फुप्फुसे त्यांच्याबरोबरच गेली. जगातही प्रदीर्घ काळ हे प्रमाण याच पातळीवर होते, त्यामुळे याला केवळ भारतीय हलगर्जी म्हणता येणार नाही. तरीही एक प्रश्न उरतोच. त्या चौघांपैकी किती जणांची फुप्फुसे खरोखर निकामी होती आणि किती जणांची आपल्या हातांत असताना निकामी झाली?

शस्त्रक्रियेच्या टेबलावर शेवटच्या घटकेला फुप्फुसाचा दर्जा कळतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात तो दर्जा अतिदक्षता विभागात तासातासाने घडत किंवा बिघडत असतो. हे एकदा मान्य केले, तर ज्या शहरात फुप्फुस प्रत्यारोपण होत नाही त्या शहराचीही जबाबदारी ठरते.

आधी हे फुप्फुसालाच का भोगावे लागते ते पाहू. हृदय, यकृत, मूत्रपिंडे शरीराच्या आत बंदिस्त असतात. फुप्फुस मात्र प्रत्येक श्वासागणिक बाहेरच्या जगाला सामोरे जाते. अपघातात बेशुद्ध पडलेल्या माणसाच्या श्वासनलिकेत पोटातले अन्न व आम्ल उतरू शकते. मेंदूचा मृत्यू होताना शरीरात ॲड्रेनलिनसारख्या संप्रेरकांचे वादळ उठते. रक्तदाब एकदम चढतो आणि त्या दाबाने फुप्फुसांच्या केशवाहिन्यांतून पाणी वायुकोशांत झिरपते. पुढे व्हेंटिलेटरवरचे दिवस वाढत जातात तसतसा न्यूमोनियाचा धोका वाढतो. रक्तदाब टिकवण्यासाठी आणि मूत्रपिंडे वाचवण्यासाठी शिरेतून भरपूर द्रव दिला जातो. मूत्रपिंडाला मानवणारा हा उदारपणा फुप्फुसाला बुडवतो. थोडक्यात, एका अवयवाची काळजी दुसऱ्याच्या जिवावर उठू शकते. एकाच शय्येवर या दोन्ही गरजांचा तोल सांभाळणे हे दात्याच्या निगेतले सर्वांत नाजूक काम आहे.

आता मूल्यमापनाच्या मापदंडाकडे वळू. टोरांटो येथे जोएल कूपर यांनी १९८३ मध्ये पहिले यशस्वी एकल फुप्फुस प्रत्यारोपण केले. त्यानंतरच्या दशकात ‘आदर्श दाता’ या संकल्पनेची चौकट रूढ झाली. वय ५५ पेक्षा कमी. धूम्रपान २० पॅक-वर्षांहून कमी, म्हणजे रोज एक पाकीट धरले तर वीस वर्षांच्या आत. छातीचे क्ष-किरण चित्र स्वच्छ. छातीला मोठा मार नाही. जंतुसंसर्गाची किंवा पोटातला द्रव श्वासमार्गात गेल्याची लक्षणे नाहीत. आणि या सर्वांवर कळस म्हणजे एक आकडा : दात्याला १०० टक्के ऑक्सिजन दिला आणि श्वास संपतानाही वायुमार्गात ५ सेंटिमीटर पाण्याइतका दाब राखला, तर धमनीच्या रक्तातील ऑक्सिजनचा दाब पाऱ्याच्या ३०० मिलिमीटरपेक्षा अधिक हवा. निरोगी फुप्फुस या कसोटीत सहज ५०० च्या पुढे जाते.

ही चौकट मोठ्या, काटेकोर चाचण्यांतून निघालेली नव्हती. सुरुवातीच्या शल्यविशारदांची ती सावधगिरी होती, आणि त्या काळात ती रास्तही होती. हाती फारसा अनुभव नसताना उत्तमातले उत्तम तेवढेच घ्यावे, हेच शहाणपण होते. पुढे अनुभवी केंद्रांनी या रेषेबाहेरची फुप्फुसे जपून वापरली आणि अनेक ठिकाणी निकाल जवळपास तितकेच चांगले आले, विशेषतः जेव्हा एकाच दात्यात अनेक उणिवा एकवटलेल्या नव्हत्या. तरीही ३०० हा आकडा आजही दाराशी पहारेकऱ्यासारखा उभा असतो.

त्या आकड्याची मर्यादा विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावी, कारण वैद्यकातील अनेक आकड्यांची तीच मर्यादा असते. धमनीतले रक्त हे दोन्ही फुप्फुसांतून आलेल्या रक्ताचे मिश्रण आहे. पाठीवर निजलेल्या रुग्णाच्या डाव्या फुप्फुसाचा खालचा भाग मिटून गेला, तर त्या भागातले रक्त ऑक्सिजन न घेताच परत येते आणि संपूर्ण आकडा खाली ओढते. उजवे फुप्फुस अशा वेळी निर्दोष असू शकते. शिवाय मिटलेला भाग म्हणजे नष्ट झालेला भाग नव्हे. ब्राँकोस्कोपीने चिकट स्राव काढला, काही काळ दाब देऊन वायुकोश उघडले, रुग्णाची कूस बदलली, जादा पाणी मूत्रावाटे काढले, तर काही तासांत २२० चा आकडा ३५० वर जाऊ शकतो. त्यामुळे एकदाच घेतलेला नमुना हा त्या क्षणीचा पुरावा असतो. त्यावर अंतिम निकाल देणे म्हणजे आजारी विद्यार्थ्याला तापातच परीक्षेला बसवून नापास ठरवणे होय.

या मुद्द्याला भक्कम पुरावा आहे. इटली व स्पेनमधील अतिदक्षता विभागांत झालेल्या एका यादृच्छिक चाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. मेंदूमृत होऊ घातलेल्या ११८ रुग्णांची दोन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटाला नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे मोठ्या आकाराचे श्वास आणि कमी पीप दाब देण्यात आला. दुसऱ्या गटाला शरीराच्या अपेक्षित वजनाच्या दर किलोमागे ६ ते ८ मिलिलिटर इतके लहान श्वास, ८ ते १० सेंटिमीटरचा पीप आणि स्राव काढताना मंडल न उघडण्याची शिस्त लावली. मेंदूमृत्यूची खात्री करण्यासाठी श्वसन थांबवून जी चाचणी करतात, तीही फुप्फुस मिटू नये म्हणून सतत दाब ठेवून केली. सहा तासांनंतर नेहमीच्या गटातील ५४ टक्के दाते फुप्फुसदानाच्या निकषांत बसत होते. दुसऱ्या गटातील ९५ टक्के. प्रत्यक्ष काढून घेण्यात आलेल्या फुप्फुसांचे प्रमाण २७ टक्क्यांवरून ५४ टक्क्यांवर गेले, म्हणजे दुप्पट झाले. ही चाचणी निधीअभावी लवकर थांबली, ही तिची उणीव नोंदवली पाहिजे. परंतु तिने जे दाखवले त्यासाठी नवे औषध लागले नाही, नवे यंत्र लागले नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी असलेल्या व्हेंटिलेटरवर चार आकडे बदलावे लागले आणि कुणीतरी ते बदललेले राहतील याकडे लक्ष द्यावे लागले.

विजय नगरात राहणारे एखादे मराठी कुटुंब येथे डोळ्यांसमोर आणावे. ही केवळ कल्पना आहे. पण अशक्य नाही. घरातल्या तरुणाला रस्ते अपघातात डोक्याला जबर मार लागतो. तिसऱ्या दिवशी डॉक्टर मेंदूमृत्यूची शंका व्यक्त करतात. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार चार डॉक्टरांचे मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करते. दोन तपासण्यांमधल्या या सहा तासांत आईवडील बाहेरच्या बाकावर बसलेले असतात. समन्वयक हलक्या आवाजात विचारतो आणि ते होकार देतात. त्या होकाराची किंमत कुठल्याच तराजूत मोजता येत नाही. मग पुढचा प्रश्न : त्या सहा तासांत आत व्हेंटिलेटर कोणत्या मापांवर चालू होता? उपचारांची आशा संपलेला रुग्ण म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष झाले, की पाच-सहा जणांना जीवन देऊ शकणारा दाता म्हणून त्याची निगा राखली गेली? फुप्फुसांचा निकाल बहुतांशी इथेच लागतो, आणि तो लागला आहे हे त्या आईवडिलांना कधीच कळत नाही.

यानंतर अंतराचा प्रश्न येतो. मध्य प्रदेश हा मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील प्रादेशिक अवयव प्रत्यारोपण संस्थेच्या कार्यक्षेत्रात मोडतो. फुप्फुस प्रत्यारोपणाचा मोठा अनुभव मात्र प्रामुख्याने चेन्नई-हैदराबादकडे आहे. २०२०-२१ च्या महासाथीत कोविडने फुप्फुसे गमावलेल्या रुग्णांवर तिथेच प्रत्यारोपणे झाली आणि सामान्य वाचकाला या शस्त्रक्रियेचे नाव कळले. जबलपूरहून हैदराबाद सरळ रेषेत सुमारे साडेसहाशे किलोमीटर, मुंबई साडेआठशेच्या पुढे, चेन्नई अकराशेच्या वर. बर्फात ठेवलेल्या फुप्फुसासाठी रूढ मर्यादा सहा ते आठ तासांची. त्यामुळे दूरच्या केंद्रातला शल्यविशारद मध्यरात्री फोनवर एक आकडा, एक क्ष-किरण चित्र आणि अपुरा इतिहास पाहून ठरवतो, की विमान करायचे की नाही. हजार किलोमीटर जाऊन रिकाम्या हाती परतण्याचा खर्च व धोका त्याला दिसत असतो. अशा वेळी नकार देणे सोपे असते, आणि त्या नकाराचा जाब त्याला कुणी विचारत नाही.

तो आला, तर मूल्यमापन पुन्हा मुळापासून सुरू होते. ब्राँकोस्कोपने श्वासनलिका पाहतात. स्राव पुन्हा पुन्हा भरून येत असेल तर ते वाईट लक्षण. छाती उघडल्यावर दोन्ही फुप्फुसे फुगवून बोटांनी चाचपतात. गाठी, कठीण भाग, पाण्याने आलेला जडपणा हातालाच कळतो. व्हेंटिलेटर सोडवून पाहतात : निरोगी फुप्फुस झटकन आक्रसते, धूम्रपानाने फुगलेले आळसावून तसेच राहते. चारही फुप्फुसशिरांतून स्वतंत्र नमुने घेतले, तर कोणता भाग चांगला आणि कोणता वाईट हे वेगळे कळते. शेवटी दात्याची उंची व लिंग यांवरून फुप्फुसांची अपेक्षित क्षमता काढून ती घेणाऱ्याच्या छातीशी जुळवतात. म्हणजे ‘चांगले फुप्फुस’ हे पद अपुरे आहे. कोणासाठी चांगले, हा त्याचा उरलेला अर्धा भाग आहे.

विज्ञानाने येथे आणखी एक दार उघडले आहे. स्वीडनमधील लुंड येथे स्टिग स्टीन यांनी शरीराबाहेर काढलेल्या फुप्फुसातून खास द्रव फिरवून, त्याला उबदार ठेवून श्वास देण्याची पद्धत विकसित केली. टोरांटोच्या गटाने २०११ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये मांडलेल्या अभ्यासात शंकास्पद २३ दात्यांची फुप्फुसे चार तास अशा यंत्रावर तपासली; त्यांपैकी २० वापरता आली आणि निकाल नेहमीच्या फुप्फुसांच्या तोडीचे आले. या यंत्रानेही एक धडा दिला. त्यातील द्रवात रक्तपेशी नसल्याने सुजू लागलेले फुप्फुसही काही काळ ऑक्सिजनचा चांगला आकडा दाखवत राहते. बिघाड आधी कळतो तो फुप्फुसाच्या लवचीकतेत आणि श्वासमार्गातल्या वाढत्या दाबात. एकाच आकड्यावर विसंबू नये, हा जुना धडा यंत्राने नव्याने शिकवला.

ही यंत्रे महाग आहेत आणि प्रत्येक राज्यात लगेच येणार नाहीत. त्यांची वाट पाहत बसण्याची गरजही नाही. टोरांटोच्याच संशोधकांनी फुप्फुस बर्फाऐवजी १० अंश सेल्सिअसला ठेवून पाहिले. व्हिएन्ना व माद्रिद येथील गटांसह केलेल्या, ७० रुग्णांचा समावेश असलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. रात्री मिळालेली फुप्फुसे सकाळी, ताज्या दमाच्या पथकाने बसवली, तरी निकाल खालावले नाहीत. मोठ्या तुलनात्मक चाचण्यांतून याची खातरजमा होत राहील. परंतु दहा अंश राखणारी पेटी ही त्या यंत्रांच्या मानाने साधी वस्तू आहे, आणि विमानाची वेळ जुळण्याची वाट पाहणाऱ्या जबलपूरसारख्या शहरासाठी काही तासांची सवलत म्हणजे शक्य आणि अशक्य यांमधले अंतर.

मात्र सर्वच मापदंड परदेशातून जसेच्या तसे उचलता येणार नाहीत. ‘पॅक-वर्ष’ हे माप सिगारेटच्या पाकिटावरून आले. महाकोशल आणि बुंदेलखंड हा तेंदूपानाचा, विडीचा मुलूख. तिथे विडीचा कट्टा कसा मोजायचा? ज्या स्त्रीने आयुष्यात विडीला हात लावला नाही, पण तीस वर्षे चुलीपुढे बसून धूर घेतला, तिच्या अर्जावर ‘धूम्रपान : नाही’ असे लिहिले जाते आणि ते शब्दशः खरे, वैद्यकीयदृष्ट्या खोटे असते. पन्न्याच्या दगडखाणींतल्या मजुरांच्या फुप्फुसांत सिलिकाची धूळ असते. जगातील क्षयरोग्यांपैकी सुमारे चतुर्थांश भारतात आहेत. फुप्फुसाच्या टोकाशी जुना, बरा झालेला व्रण दिसला की युरोपातले पाठ्यपुस्तक कचरते, पण आपल्याकडे त्याच नियमाने चाललो तर उरेल काय? आणि आपल्या अतिदक्षता विभागांतले औषधांना न जुमानणारे जंतू दात्याबरोबर घेणाऱ्यापर्यंत पोहोचू शकतात, हा धोका मात्र आपल्याकडे अधिक गंभीर आहे. कुठे सैल व्हावे आणि कुठे अधिक कडक, याचे उत्तर आपल्याच नोंदींतून यायला हवे. जबलपुरात भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची जनजाती आरोग्य संस्था आहे, जिने सहरिया समाजातील क्षयावर प्रदीर्घ काम केले आहे; वैद्यकीय महाविद्यालयात श्वसनरोगांचे स्वतंत्र केंद्र आहे. या भागातले ‘सामान्य’ फुप्फुस कसे असते, हे सांगण्यास याहून योग्य जागा कोणती?

यावर एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. निकष सैल केले तर त्याची किंमत घेणारा रुग्ण मोजतो. नव्या फुप्फुसाने पहिल्या तीन दिवसांत काम करण्यास नकार दिला, तर तो रुग्ण व्हेंटिलेटरवरून उठेलच याची खात्री नसते. फुप्फुस प्रत्यारोपणानंतरचे आयुष्य आजही इतर अवयवांच्या मानाने कमी आहे; जागतिक नोंदींत निम्मे रुग्ण सहा-सात वर्षांच्या पुढे जात नाहीत. वाईट फुप्फुस बसवणे म्हणजे एका मृत्यूत दुसऱ्याची भर. हे सर्व खरे आहे. म्हणूनच येथे मागणी निकष सैल करण्याची नाही. मागणी आहे ती फुप्फुस निकषांपर्यंत पोहोचावे अशी निगा राखण्याची, एकदा नापास झाल्यावर दुरुस्तीनंतर पुन्हा तपासण्याची आणि मध्यम दर्जाचे फुप्फुस देऊ करताना घेणाऱ्या रुग्णाला तसे स्पष्ट सांगण्याची. ज्याच्याकडे चार आठवडेच उरले आहेत त्याचा निर्णय आणि ज्याच्याकडे वर्ष आहे त्याचा निर्णय एकच असणार नाही. निवड करण्याचा अधिकार त्यांचा आहे.

त्यासाठी तीन गोष्टी पुरेशा आहेत, आणि तिन्हींना पैशापेक्षा इच्छा अधिक लागते. पहिली, मेंदूमृत्यूची पहिली तपासणी होताच दात्याचे फुप्फुस जपणारी श्वसनपद्धती आपोआप सुरू व्हावी. तिचा एक पानाचा तक्ता प्रत्येक अतिदक्षता विभागाच्या भिंतीवर असावा. परवानगी मिळेपर्यंत ही निगा रुग्णाला अपाय करत नाही. फुप्फुसांना इजा झालेल्या जिवंत रुग्णासाठीही तीच पद्धती योग्य मानली जाते. दुसरी, जबलपूरसारख्या शहरांतल्या दोन-चार डॉक्टरांना दात्याच्या ब्राँकोस्कोपीचे व फुप्फुस उघडण्याच्या कौशल्याचे प्रशिक्षण द्यावे आणि दूरच्या केंद्राला फोनवरच्या आकड्याऐवजी चित्रफीत, सी.टी. आणि दर दोन तासांची नोंद मिळावी. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची : नाकारलेल्या प्रत्येक फुप्फुसाचे कारण नोंदवावे आणि वर्षाअखेरीस, नावे वगळून, ते लोकांसमोर ठेवावे. वय होते, जंतू होते, आकार जुळला नाही, विमान मिळाले नाही, की कुणी विचारलेच नाही? झालेल्या प्रत्यारोपणांची मोजदाद आपण करतो. न झालेल्यांची कारणे तितक्याच उघडपणे मांडत नाही. कारणांची नोंद नसेल तर सुधारणा कुठे करायची हे कळणार तरी कसे?

विजय नगरातल्या त्या काल्पनिक कुटुंबाकडे पुन्हा वळावे. काही महिन्यांनी त्यांना पत्र येते, की तुमच्या मुलाची दोन मूत्रपिंडे व यकृत तीन माणसांत जगत आहेत. वडील विचारतात, “आणि फुप्फुसे?” आज या प्रश्नाला “योग्य नव्हती” एवढेच उत्तर मिळते. त्या दोन शब्दांत सत्यही असू शकते आणि सहा तासांचे दुर्लक्षही. वडिलांना यांतले नेमके कोणते ते सांगता येईल, इतकी प्रामाणिक व्यवस्था उभारणे हे त्या होकाराचे किमान ऋण आहे.